मूल दवाखान्यात दाखल होणार आहे: पहिल्यांदाच ही वेळ आलेल्या आईबाबांसाठी

मुलाला दाखल करायचं ठरलं की घरात एकदम धावपळ सुरू होते. रिपोर्ट शोधा, रजा टाका, पिशवी भरा, याला फोन, त्याला फोन. या गडबडीत ज्याला दाखल करायचंय त्याला कुणी धड काही सांगतच नाही. ते मात्र सगळं टिपत असतं. दाराआडची कुजबुज, आईचा बदललेला आवाज, आपण खोलीत आलो की थांबणारं बोलणं. मग जे कळत नाही त्या जागी मूल स्वतःच्या मनाने काहीतरी उभं करतं, आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा जास्त भयंकर असतं.

पुढे बऱ्याच गोष्टी सांगितल्या आहेत, पण त्या सगळ्या दोनच गोष्टींवर उभ्या आहेत. काय होणार आहे ते मुलाला खरं सांगायचं, आणि त्याच्या ओळखीचं माणूस त्याच्याजवळ ठेवायचं. खेळणी, गोष्टी, फुगे हे सगळं त्यानंतर.

आधी सांगा, पण वय बघून

दोन-तीन वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सांगून उपयोग नाही. त्याला 'पुढचा मंगळवार' कळत नाही, नुसती धाकधूक लागते. आदल्या दिवशी सांगा, आणि निघताना पुन्हा एकदा. चार ते सहा वर्षांच्या मुलांना तीन-चार दिवस पुरतात: प्रश्न विचारायला वेळ मिळतो आणि काळजी करत बसायला फार मिळत नाही. शाळकरी मुलांना आठवडाभर आधी सांगावं. बारा-तेराच्या पुढच्या मुलांना मात्र 'सांगायचं' नसतंच, त्यांना पहिल्यापासून चर्चेत घ्यायचं असतं.

तातडीने दाखल करावं लागलं तर हे काहीच जमत नाही. तेव्हा गाडीत, रांगेत, स्ट्रेचरशेजारी चालताना पुढच्या पाच मिनिटांत काय होणार आहे एवढंच सांगत राहा. "आता एक ताई तुझा ताप बघेल. मग आपण एका खोलीत जाऊ. मी बरोबर आहे." एवढ्याने मोठा फरक पडतो.

तीन गोष्टी प्रत्येक मुलाला कळायला हव्यात, मग त्याने विचारलेलं असो वा नसो. आपण दवाखान्यात का जातोय. तिथे कोण सोबत राहणार. आणि आपण परत घरी येणार आहोत. साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत चौथीही आहे: तू काही वाईट केलंस म्हणून हे झालेलं नाही. या वयात मुलांना आजार ही शिक्षा वाटते. ऐकलं नाही, भावाला मारलं, मनात काहीतरी वाईट आलं, म्हणून आपल्याला इथे आणलं अशी त्यांची पक्की समजूत होते. ती हे तोंडाने बोलत नाहीत, म्हणून हा विषय मोठ्यांनीच काढायचा. "तू पावसात खेळलास म्हणून नाही, भांडलास म्हणूनही नाही. पोटाच्या आत एक दुखणं झालंय, ते कुणालाही होऊ शकतं."

आणि एक गोष्ट आजपासून बंद करा: "गप्प बस, नाहीतर डॉक्टरांना सांगून सुई द्यायला लावीन." एरवी गमतीत म्हटलेलं हे वाक्य वॉर्डात त्या मुलाला आठवतं. मग समोर औषध घेऊन आलेली सिस्टर ही मदत करणारी न राहता शिक्षा देणारी होते.

कोणते शब्द वापरायचे

मुलं शब्द अक्षरशः घेतात. "तुला झोपवतील आणि मग पोट कापतील" हे ऐकून कुणाला झोप येईल? भुलीबद्दल असं सांगता येतं: "डॉक्टर तुला एक औषध देतील. त्याने एक वेगळीच झोप लागते, रात्रीच्या झोपेसारखी नाही. त्या झोपेत काही दुखत नाही, काही कळत नाही. काम झालं की डॉक्टर औषध थांबवतात आणि तू जागा होतोस." 'जागा होतोस' हा भाग विसरू नका. मुलांची खरी भीती तिथेच असते: मध्येच जाग आली तर, किंवा आलीच नाही तर.

"अजिबात दुखणार नाही" असं म्हणू नका. दुखणार असेल तर हमखास म्हणू नका. त्या वाक्याने तुमचे दोन मिनिटं सोपे जातात, पण पुढचा सगळा मुक्काम अवघड होतो, कारण त्यानंतर तुम्ही काहीही सांगितलं तरी मूल मनात तपासून बघतं. त्याऐवजी, "टोचेल. काहींना चिमटा काढल्यासारखं वाटतं, काहींना कमी. तुला कसं वाटलं ते मला नंतर सांग." किती वेळ चालेल तेही सांगा. 'दहा आकडे मोजेपर्यंत' हे माप मुलांना 'थोडा वेळ' यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

माहीत नसेल तर "मला माहीत नाही, आपण दोघं मिळून डॉक्टरांना विचारू" म्हणा, आणि खरोखर विचारा, मुलासमोरच.

पिशवीत काय

ओळखीचा वास असलेली वस्तू सगळ्यात मोलाची. रोजची उशी, मळकं झालेलं पांघरूण, कान तुटका ससा. नवं कोरं खेळणं हे काम करू शकत नाही. जुनं खेळणं न्यायच्या आधी धुवायची घाई करू नका. संसर्गाच्या कारणाने डॉक्टरांनी सांगितलं तर मात्र अर्थातच धुवा. त्यावर नाव घाला, कारण चादरी बदलताना अशा वस्तू धुलाईच्या ढिगात हरवतात आणि मग रात्र कठीण जाते. पुढून उघडणारे सैल कपडे घ्या, सलाईन लावलेल्या हातातून बंद गळ्याचा टीशर्ट निघत नाही. घरच्यांचे दोन-तीन फोटो, चित्रकलेची वही, खडू, साबणाच्या फुग्यांची बाटली, चार्जर. मुलाला स्वतःची छोटी पिशवी स्वतः भरू द्या. त्यात दगड आणि बाटलीची झाकणं भरली तरी चालतील.

पहिल्या दिवशी सिस्टरना काय सांगायचं

वॉर्डातल्या माणसांना आजार कळतो. तुमचं मूल कसं आहे हे फक्त तुम्हाला माहीत असतं. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तो फाईलला किंवा पलंगापाशी लावायला परवानगी मागा. घरात कोणत्या नावाने हाक मारतात, शू-शीसाठी कोणता शब्द वापरतो, झोपताना काय लागतं, कशाची भीती आहे, दुखलं की रडतो की गप्प होतो, गोळी गिळता येते की पातळ औषध लागतं. ॲलर्जी असेल तर ती लिहाच, शिवाय तोंडीही सांगा. मूल ऑटिस्टिक असेल, ऐकायला कमी येत असेल, आवाज किंवा स्पर्श सहन होत नसेल, तर हा कागद फारच उपयोगी पडतो.

मग मुलाला वॉर्ड दाखवा. बाथरूम कुठे, सिस्टर कुठे बसतात, बोलवायची घंटा कुठली, पलंग वरखाली कसा होतो. मशीनचा 'टिंग टिंग' आवाज म्हणजे काही बिघडलं असं नाही, हे सिस्टरकडूनच त्याला ऐकवा.

सोबत कोण राहणार

1950 च्या दशकात अनेक देशांत मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना आठवड्यातून जेमतेम काही तास येऊ देत. ते येऊन गेले की मुलं रडतात, तेव्हा न आलेलेच बरे, असा समज होता. ब्रिटनमध्ये मुलांच्या मनाचा अभ्यास करणारे जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी अशा मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. आधी मूल आक्रोश करतं, मग खचतं, आणि शेवटी शांत होतं. हा शेवटचा टप्पा बघून 'रुळलं आता' असं सगळे म्हणत. पण ते रुळलेलं नसायचं, त्याने आशा सोडलेली असायची. आई आली तरी तोंड फिरवायचं. 1959 मध्ये तिथल्या सरकारी प्लॅट समितीने आईवडिलांना मुक्तपणे भेटू द्या अशी शिफारस केली. 1988 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात युरोपातल्या संस्थांनी दवाखान्यातल्या मुलांच्या हक्कांची सनद तयार केली, तिच्यात आईवडील किंवा त्यांच्या जागी असलेलं माणूस सतत जवळ असणं हा मुलाचा हक्क म्हणून लिहिला आहे.

म्हणून, मूल शहाण्यासारखं पडून आहे, काही मागत नाही, रडत नाही, याने लगेच निश्चिंत होऊ नका. जवळ बसा, बोला, हात लावा.

चोवीस तास एकाच माणसाने बसून राहावं असं मात्र नाही. आई, बाबा, आजी, मावशी, आलटून पालटून कोणीही चालेल, पण मुलाच्या रोजच्या ओळखीचं हवं. जाताना चोरून जाऊ नका. मूल झोपलंय, आता सटकते, हा मोह फार होतो. जाग आल्यावर तुम्ही दिसला नाहीत की मूल पुन्हा झोपायलाच घाबरतं. "मी आंघोळीला घरी जातेय. बाबा इथे आहेत. संध्याकाळचं औषध घ्यायच्या वेळी मी आलेली असेन." आणि त्या वेळी या. मूल रडेल. रडू द्या. सांगून गेल्यावरचं रडणं थांबतं.

सुई टोचताना

मुलांना दवाखान्यातली सगळ्यात जास्त भीती सुईची असते, आणि इथेच तुमच्या हातात सगळ्यात जास्त गोष्टी असतात.

आधी विचारा: त्वचा बधिर करणारं मलम लावता येईल का? लिग्नोकेन आणि प्रिलोकेन असलेलं असं मलम टोचायच्या जागी साधारण तासभर आधी लावून वर पट्टी चिकटवतात. सलाईन सकाळी लागणार हे माहीत असेल तर तासभर आधीच आठवण करा, ऐन वेळी मागून ते काम करत नाही. प्रत्येक मुलाला चालतंच असं नाही, निर्णय डॉक्टरांचा. अंगावर पिणाऱ्या बाळाला टोचताना दूध पाजत राहिलं तर दुखणं कमी जाणवतं. पाजता येत नसेल तर बऱ्याच ठिकाणी दोनेक मिनिटं आधी साखरेच्या द्रावणाचे थेंब जिभेवर देतात. ते दवाखान्याने द्यायचं, आपण घरून करून न्यायचं नाही.

मुलाला आडवं पाडून चौघांनी धरू नये. त्याने भीती दुप्पट होते आणि पुढच्या प्रत्येक वेळी जास्त माणसं लागतात. "मी मांडीवर घेऊन धरू का?" असं विचारा. मूल तुमच्याकडे तोंड करून मांडीवर, छातीशी घट्ट, त्याचे पाय तुमच्या कमरेभोवती, आणि एक हात बाजूला सिस्टरकडे. मूल बसलेलं राहतं आणि हात स्थिरही राहतो. धरायचं काम तुमचं नाही वाटलं तर तसं सांगा, नुसतं जवळ बसण्याचं, बोलण्याचं कामही तितकंच मोठं आहे.

बोलणारं माणूस एकच असावं. आई "बघू नकोस" म्हणतेय, बाबा "झालंच झालंच", सिस्टर "मूठ आवळ", अशा गलक्यात मूल बुजतं. साबणाचे फुगे फुंकायला लावा. लांब श्वास सोडताना अंग आपोआप सैल पडतं. काही मुलांना मात्र सुई बघायचीच असते. त्यांचं तोंड जबरदस्तीने वळवू नका.

निवड द्या, पण खरी. "आता इंजेक्शन घेऊ या का?" असं विचारलंत आणि ते "नाही" म्हणालं तर काय करणार? त्याऐवजी "डावा हात की उजवा?", "मी मोजू की तू मोजतोस?", "पट्टी कुठली?"

आता एक बारीक गोष्ट, जी फार थोडे जण मुलांना सांगतात. सलाईनसाठी टोचून झालं की सुई बाहेर काढून टाकतात. आत राहते ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी. मुलांना मात्र वाटतं, पट्टीखाली सुई तशीच आहे. म्हणून ती दिवसभर हात लाकडासारखा धरून बसतात, खेळत नाहीत, कुशीवर वळत नाहीत.

"आई, हात हलवला तर सुई आतमध्ये घुसेल ना?"
"सुई आत नाहीच आहे रे. सिस्टरने काढून त्या पिवळ्या डब्यात टाकली. आत फक्त मऊ नळी आहे. ही बघ, अशीच."

सिस्टरकडे सुई नसलेली तशी एखादी नळी मागून बघा. मुलाने ती बोटात धरून वाकवून पाहिली की चेहरा बदलतो. मग बाहुलीच्या हाताला एक चिकटवा. डब्याचा रंग तुमच्याकडे वेगळा असेल, तर जो दिसतो तो सांगा.

झाल्यावर "शूर आहेस, रडला नाहीस" म्हणू नका, पुढच्या वेळी रडू आलं तर त्याला आपण हरलो असं वाटेल. जे केलं तेच नेमकं सांगा: "रडत होतास तरी हात हलवला नाहीस. म्हणून एकदाच टोचावं लागलं."

जमत असेल तर टोचाटोची मुलाच्या पलंगावर न करता ड्रेसिंगच्या खोलीत करावी अशी विनंती करा. पलंग ही त्याची सुरक्षित जागा राहू द्या.

तपासणी आणि ऑपरेशन

एमआरआयचं मशीन दुखवत नाही, पण ठोकल्यासारखा मोठा आवाज करतं आणि आत अजिबात हलायचं नसतं. घरी 'स्टॅच्यू'चा खेळ खेळून सराव करता येतो. त्या आवाजाचं रेकॉर्डिंग आधी ऐकवलं तर अर्धी भीती जाते.

ऑपरेशनआधी उपाशी का राहायचं हे मुलाला समजावून सांगा, नाहीतर तीही शिक्षाच वाटते. भुलीआधी जेवण साधारण 6 तास, आईचं दूध 4 तास आणि पाणी 1 ते 2 तास बंद ठेवतात. तुमच्या मुलासाठी भूलतज्ज्ञ सांगतील तेच अंतिम. बऱ्याचदा 'रात्री बारानंतर काही नाही' एवढंच सांगितलं जातं आणि मूल दुपारपर्यंत तहानेने व्याकूळ होतं. म्हणून घड्याळ लावून विचारा: "शेवटचं पाणी नक्की किती वाजता देऊ?" वेळ पुढे ढकलली गेली तर पुन्हा विचारा.

भूल चढेपर्यंत आईबाबांना आत येऊ देतात का, तेही विचारा. येऊ देत असतील तर काय दिसेल ते आधी समजून घ्या: डोळे फिरतात, हातपाय जरा झटकले जातात. तुम्ही घाबरलात तर मूल तुमचा चेहरा बघत असतं. आपल्याला जमणार नाही असं वाटलं तर बाहेर थांबणं हाही योग्यच निर्णय.

जाग येतानाचीही तयारी ठेवा. दोन ते पाच वर्षांची काही मुलं भुलीतून बाहेर येताना किंचाळतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. बघायला फार त्रास होतो. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत हे शमतं आणि मुलाला पुढे आठवतही नाही. सिस्टरना बोलवा, कारण खरंच दुखत असण्याचीही शक्यता असते. नळ्यांना हात लागू देऊ नका आणि हळू आवाजात एकच वाक्य म्हणत राहा.

दुखतंय की नाही, हे कसं कळणार

खेळणारं मूल दुखत नसलेलं असतं, ही मोठ्यांची समजूत आहे. मुलं दुखत असतानाही खेळतात, झोपतात. शिवाय "दुखतंय" म्हटलं तर आणखी एक इंजेक्शन मिळेल या भीतीने लपवतातही. म्हणून औषध तोंडावाटे किंवा सलाईनमधूनच मिळणार असेल तर तसं आधी सांगून मग विचारा.

साधारण तीन वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी चेहऱ्यांची पट्टी असते: हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे, 0 ते 10 आकडे. वॉर्डात ती मागा. बोलता न येणाऱ्या मुलांचा चेहरा, पायांची हालचाल, अंगाची चुळबुळ, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होणं हे पाहून सिस्टर गुण देतात. पण 'हे याचं नेहमीचं रडणं नाही' हे तुम्हालाच आधी कळेल. तेव्हा संकोच करू नका, सांगा, आणि ऐकलं गेलं नाही तर पुन्हा सांगा.

दिवस आणि रात्री

दिवसाला आकार द्या. उठणं, दात घासणं, डॉक्टरांचा राऊंड, खेळ, गोष्ट, झोप, हे एका कागदावर चित्रांत काढून भिंतीला लावा. मुलाला खुणा करू द्या. मोबाईल लागेल, त्यात अपराधी वाटून घेऊ नका, पण तो कठीण क्षणांसाठी राखून ठेवलात तर जास्त उपयोगी पडतो.

मुलं खेळातूनच बोलतात. बाहुलीला सुई देऊ द्या, कितीही जोरात दिली तरी. आता बाहुलीला कसं वाटतंय, असं विचारा. जे उत्तर येईल ते बाहुलीचं नसतं. खेळाची खोली किंवा मुलांशी खेळून त्यांची तयारी करून घेणारं प्रशिक्षित माणूस असेल तर पहिल्याच दिवशी भेटा.

रात्री ताप, बीपी आणि औषध एकाच फेरीत बघता येईल का, असं सिस्टरना विचारा. प्रकृतीनुसार जमत असेल तिथे त्या करतात.

गादीत शू करायची सवय सुटलेलं मूल पुन्हा गादी ओली करेल, अंगठा चोखेल, बोबडं बोलेल. रागावू नका, आठवणही करून देऊ नका. ते येतं तसंच जातं.

किशोरवयीन मुलांना खेळण्यांची नाही, पडद्याची गरज असते. तपासताना पडदा ओढलेला हवा, खोलीत कमीत कमी माणसं हवीत. डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलायचंय का, हे त्यांना विचारा आणि हो म्हणाले तर मनापासून बाहेर जा. मित्रमैत्रिणींशी संपर्क तोडू नका. या वयात तोच मोठा आधार असतो.

घरी राहिलेल्या भावंडाला विसरू नका. त्यालाही खरं कारण सांगा. त्यालाही वाटत असतं, की आपणच काहीतरी केलं. भेटायला आणणार असाल तर ताईच्या नाकात नळी आहे, हे आधी सांगून आणा.

आणि तुम्ही वेळेवर खा, पाठ टेका. मदत करू का विचारणाऱ्याला नेमकं काम द्या: "उद्या दुपारी दोन तास येऊन बस."

घरी गेल्यावर

निघण्याआधी औषधांच्या वेळा, टाके, आंघोळ, शाळा केव्हा, आणि कोणत्या लक्षणांवर लगेच परत यायचं, हे लिहून घ्या. कोणत्या नंबरवर फोन करायचा तेही.

घरी आलं की सगळं पूर्ववत होईल असं वाटतं, पण पहिले काही दिवस मूल पाठ सोडत नाही, रात्री दचकून उठतं, क्षुल्लक कारणाने चिडतं. जेवणाझोपेच्या नेहमीच्या वेळा परत आणा, पण थोडे दिवस शेजारी झोपलात म्हणून सवय बिघडत नाही. दवाखाना-दवाखाना खेळायचा असेल तर खेळू द्या, रुग्ण तुम्ही व्हा. शाळेतल्या बाईंना आधीच कल्पना द्या, म्हणजे वर्गात प्रश्नांचा भडिमार होणार नाही. काही आठवडे उलटूनही झोप, खाणं किंवा शाळा सुरळीत झाली नाही, किंवा मूल अगदी गप्प राहू लागलं, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना फोन करा आणि जखमेबद्दल सांगता तितक्याच तपशिलात हेही सांगा.